निम्म्याहून पाच मीटर जास्त

मॉरिशसचं सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर, हे वाचून मी चक्क हसले होते. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे निम्म्याहून पाच मीटर जास्त! नाव मात्र दणदणीत: पितों द ला पेतीत रिव्हिएर न्वार. ते धड म्हणायला शिकेपर्यंत माणूस वर जाऊन येईल, असं मी नवऱ्याला म्हटलं. त्याचा गुडघा दुखत होता, त्यामुळे तो खाली टॅक्सीवाल्या काकांबरोबर थांबला.

शामारेल गावाच्या वरचा रस्ताच इतक्या उंचावरून जातो की चढायला फारसं उरत नाही. पहिला पाऊण तास लाल मातीची, जवळजवळ सपाट वाट. दोन्ही बाजूंना बारक्या लाल पेरूंची दाट झाडी. इथे त्यांना 'गोयाव द शिन', म्हणजे चिनी पेरू म्हणतात. झाड मूळचं ब्राझीलचं, नाव चीनचं, आणि खायचं तिखट-मीठ लावून! मे महिना होता, झाडं लगडलेली होती. पण याच पेरूने इथलं मूळ जंगल गिळत आणलंय, हे कळल्यावर मी खाण्यात अजिबात संकोच केला नाही.

मग अचानक वाट संपली आणि भिंत सुरू झाली. झाडांच्या मुळांना बांधलेले दोर, आदल्या रात्रीच्या पावसाने लोण्यासारखी झालेली माती. पुढे एक स्थानिक कुटुंब होतं. त्यांची आठेक वर्षांची मुलगी साध्या चपलांत माकडासारखी वर गेली. मी, सह्याद्रीत वीस वर्षं घालवलेली बाई, दोर धरून लोंबकळत होते, एक पाय मुळावर, दुसरा कुठे ते माहीत नाही. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांची फार आठवण झाली.

माथा लहानसा. ढग हलले तसं पश्चिमेचं समुद्रकाठाचं हिरवं-निळं उथळ पाणी उघडं पडलं. नैऋत्येला ल मोर्न, पळून आलेले गुलाम ज्याच्या कड्यांत लपत तो डोंगर. मला मात्र पायाखालचा कातळ बघायचा होता. काळा, आपल्यासारखाच. आणि 'आपल्यासारखाच' हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड उत्तरेकडे सरकताना जमिनीच्या पोटातल्या ज्या भट्टीवरून गेला आणि दख्खनचा लाव्हा वर आला, तिनेच पुढे कितीतरी काळाने हे बेट घडवलं. ती आता शेजारच्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धुमसतो. म्हणजे मी कळसूबाईच्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर बसून चिक्की खात होते. मघाचं हसू आठवून जरा ओशाळले.

उतरताना बहुतेक वेळ बुडावरच. पँट कायमची लाल झाली.

खाली दोघं गप्पांत रंगले होते. काकांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांत आले, पाच पिढ्यांपूर्वी. घरी बोलतात क्रेओल. "मराठी पूजेला," ते म्हणाले, थोडं थांबून, एकेक शब्द शोधत. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, आणि त्यांच्याकडे 'झाकरी' नाचतात. मी दोनदा विचारलं, कारण मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पार्किंगमध्येच पाय आपटून दाखवलं आणि नवरा ओरडला, "अहो, ही तर जाखडी!" त्याचं आजोळ संगमेश्वरचं. गुडघा विसरून तोही उभा राहिला.

काकांनी सीटवर आधी वर्तमानपत्र अंथरलं, मगच मला गाडीत बसू दिलं.