विजयदुर्गच्या खाडीत गरी टाकून तीन दिवस: शेंगटी, पाकट आणि कानमुशीचं पिल्लू

मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी आम्ही मुद्दाम धरली होती. भांगाचे दिवस, पाण्याला ओढ कमी, त्यामुळे शिसं तळाला टिकतं. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती नेमकी दिवेलागणीला. हे गणित ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं, म्हणून मोबाइलवरचा भरतीचा तक्ताही ताडून घ्या.

कोल्हापूरहून मी, मावसभाऊ आणि त्याचा मित्र असे तिघे निघालो. गगनबावड्याहून घाट उतरून वैभववाडी, तळेरे, पडेल कॅन्टीन, गिर्ये आणि मग विजयदुर्ग. तळेऱ्यापासून पुढचा रस्ता साधारण 50 किलोमीटर, वळणांचा. रेल्वेने येणाऱ्यांनी वैभववाडी किंवा कणकवलीला उतरावं. राहायला घरगुती खोल्या मिळतात, जेवण आधी सांगून ठेवावं लागतं.

वाघोटन खाडी इथे समुद्राला मिळते आणि किल्ल्याच्या आडोशाने पाणी शांत राहतं. वादळात दूरदूरच्या होड्या इथे आसऱ्याला येतात. मोठ्या माशांची पिल्लंही त्याच कारणाने इथे येतात, हे मला या खेपेला नीट उमगलं.

पहिली संध्याकाळ जेटीवर गेली. सकाळच्या लिलावातून उरलेले पेडवे (छोटे मासे) आणि सुंगटं (कोळंबी) आमिषाला घेतली होती. पहिल्या तासात शेंगटीमागून शेंगटी. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक काटा असतो, विषारी आणि करवती कडांचा. पक्कड न वापरता हात घातलात तर रात्र ठणकण्यात जाईल. मावसभावाच्या अंगठ्याला लागलाच. सोसेल इतक्या गरम पाण्यात तासभर हात बुडवून ठेवला, तेव्हा कळ उतरली. या विषाला उष्णतेने उतार पडतो, पाकटाच्या (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशाच्या) काट्यालाही हाच उपाय. त्यानंतर मात्र दवाखान्यात जाऊन जखम दाखवाच, काट्याचा तुकडा आत राहू शकतो.

मग एक केंड आला, हातात घेताच फुगून चेंडूएवढा. त्याचं विष शिजवूनही जात नाही. घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका. जपून सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी होडी केली. भाडं आणि तास दोन्ही आधी बोलून घ्या, लाइफ जॅकेट मागून घ्या. तांडेल (होडी चालवणारे) काका साठीच्या पुढचे, गाबीत म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातले, खाडीचा तळ हाताच्या रेषांसारखा ओळखणारे. त्यांनी मुखाजवळ नांगर टाकला. मी माकुलाची (स्क्विडची) चकती लावली. पहिलं जे आलं ते ताटाएवढं पाकट. होडीत न घेता पाण्यातच तंगूस (गरीची नायलॉन दोरी) कापून सोडलं. शेपटी कुठे आहे ते बघितल्याशिवाय पाकटाच्या जवळ हात नेऊ नका.

दुपारी दोन मोऱ्या लागल्या. (मुंबईकडे मुशी म्हणतात तीच ही, छोटी शार्क.) दोन्ही हातभर लांबीच्या. मला वाटलं, पिल्लं आहेत. काकांनी एक उलटी करून पोटाखालच्या परांजवळचे दोन बोटांसारखे अवयव दाखवले. लांब, ताठ झालेले, म्हणजे वयात आलेला नर. चपट्या लांब नाकाची ही जात सहसा पाऊण मीटरपलीकडे वाढत नाही.

नवमीची भरती पावणेसातला होती. अंधार पडता पडता तिसरी ओढ आली ती वेगळीच, हलकी पण सुटायला बघणारी. वर आली कानमुशी, म्हणजे हॅमरहेड शार्क. अर्धा मीटरही नाही, हातोड्यासारखं डोकं, कडेला डोळे. छातीच्या परांमध्ये बेंबीची खूण अजून भरलेली नव्हती. शार्कच्या कित्येक जातींत पिल्लं आईच्या पोटात नाळेवर वाढतात आणि जन्मानंतर काही आठवडे ही खूण राहते.

"ह्यां पिल्लू आसा, सोड त्येका," काका म्हणाले. मी गळ काढायला लागलो, पण तो घशात गेला होता. त्यात फोटोसाठी मिनिटभर गेलं. सोडल्यावर ते कुशीवर झालं आणि तळाला गेलं. काका टॉर्च मारून बराच वेळ पाण्यात बघत राहिले. कानमुशी पकडीचा ताण सोसत नाही, हे मी नंतर वाचलं. तिच्या दोन मोठ्या जाती आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहेत. त्या मिनिटभराचं मला फार वाईट वाटतं, म्हणून पुढचं आवर्जून सांगतो.

साधा गळ न वापरता सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) लावा, तो सहसा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, घशात जात नाही. त्याच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. दोरी जाड ठेवा, म्हणजे मासा दमवून मारावा लागत नाही. शार्कला शेपटीने उचलू नका, पाण्याबाहेर तिच्या आतड्याकाळजाला आधार नसतो. गळ खोल असेल तर जवळून दोरी कापा. फोटो पाण्यातच घ्या.

व्हेल शार्क, करवत मासे आणि मोठा गिटारफिश यांना 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. असं काही लागलं तर लगेच सोडा. अडकलेलं किंवा किनाऱ्याला लागलेलं दिसलं तर वनविभागाचा 1926 क्रमांक आहे.

मोरीचं मटण मीही आवडीने खातो. आमच्याकडे बाळंतिणीला मुद्दाम मुशी देतात. पण बेंबीची खूण असलेलं पिल्लू ताटात नको. शार्क सहसा वयात यायला बरीच वर्षं घेते आणि पिल्लं थोडी घालते, बांगड्यासारखी लाखांनी अंडी टाकत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे किल्ल्याजवळच्या खडकांवरून एक मध्यम गोबरा मिळाला, तो खाल्ला. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, अनवाणी जाऊ नका, आणि उधाणाच्या दिवसांत तिथे जाऊच नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तिथून लांब राहा. तुटलेलं तंगूस खिशात घालून परत आणा. जून-जुलै बंदीचे महिने, तेव्हा येऊ नका.

निघताना काकांना सर्कल हुकांचं एक पाकीट दिलं. त्यांनी एक हुक बोटात धरून बराच वेळ फिरवून बघितला आणि विचारलं, आणखी कुठे मिळतात.