मोठ्या सरांनी घेतली का?

जानेवारी 2021 चा शेवटचा आठवडा. 16 तारखेला देशभर कोविड लस सुरू झाली होती आणि पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स, त्या दिवशी टोचायची ड्युटी माझीच. लिस्टमध्ये 100 नावं, नर्सताई, आशा, अंगणवाडी सेविका, लॅबवाले, सफाई कामगार सगळे, आणि दुपारपर्यंत हॉल निम्माही भरला नव्हता. कोविन हे लसीच्या नोंदणीचं ॲप कधी चालायचं कधी अडकायचं, बऱ्याच जणींना मेसेजच गेला नव्हता, म्हणून आम्ही सकाळपासून फोन लावत बसलेलो. ज्या आल्या होत्या त्यातल्या अर्ध्या बाहेर निंबाखाली उभ्या, आत यायला तयार नाहीत.

आता या बायका कोण, तर 2018 च्या गोवर-रुबेलाच्या मोहिमेत व्हॉट्सॲपवरच्या अफवांशी शाळेशाळेत जाऊन भांडलेल्या. पेंटा ही पाच रोगांवरची लस दिल्यावर बाळाला ताप आला की घरची माणसं यांच्याच अंगावर येतात आणि याच शांतपणे सांगतात की ताप येणार, घाबरू नका, उद्या उतरेल. लसीला विरोध यांचा नाहीच. बाहेरच्या लोकांनी तेव्हा सरळ बोलून टाकलं की बघा हेल्थवालेच घेत नाहीत, मला ते ऐकून फार राग यायचा.

नवीन बाटली उघडली, वर वेळ लिहिली. कोविशिल्डच्या एका बाटलीत 10 डोस, उघडली की 4 तासांत संपवायची नाहीतर फेकायची. तीन जणींना दिली, चौथी एक गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, पहाटे पाड्यावरून निघून काळीपिवळीत बसून आलेली. सुई काढली, कापूस दाबला आणि ती खुर्चीतच घसरली. ओठ पांढरे, कपाळावर घाम. कोणीतरी "माय वं!" म्हणून ओरडलं आणि खिडकीत सगळे चेहरे गोळा झाले. आम्ही तिला आडवी केली, पाय वर घेतले, नाडी धरली तर संथ चाललेली, श्वास व्यवस्थित, अंगावर पुरळ नाही. म्हणजे ॲलर्जीची रिॲक्शन नव्हती, भीतीने आणि उपाशीपोटी आलेली चक्कर होती. एइएफआय किटमधलं (लसीनंतर त्रास झाला तर लागणाऱ्या औषधांच्या पेटीतलं) ॲड्रेनालिन मी हाताशी काढून ठेवलेलं, ते लागलं नाही. पाच-सात मिनिटांत तिने डोळे उघडले, पाणी मागितलं. पण तोवर निंबाखाली मोजून आठ-दहा जणी उरल्या होत्या आणि बाटलीत सहा डोस.

मी दुसऱ्या सिस्टरला टेबलापाशी बसवलं आणि बाहेर गेले. म्हटलं, बसा, काय विचारायचंय ते विचारा. पहिला प्रश्न, "ताई, मोठ्या सरांनी घेतली का?" आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तोवर घेतली नव्हती, बघू फेब्रुवारीत म्हणाले होते आणि ही गोष्ट तालुक्यात सगळ्यांना माहीत होती. मी म्हटलं नाही, त्यांनी नाही घेतली, मी पहिल्या दिवशी घेतली, रात्री ताप आला, हात दोन दिवस दुखला, पॅरासिटामॉल घेतली आणि सकाळी ड्युटीवर होते. कशी खोटं बोलणार, त्या रोज याच आवारात येतात.

मग एकेक निघत गेलं. मूल राहणार नाही असं म्हणतात ते खरं का. बीपीची गोळी चालू आहे, चालेल का. ताप आला तर माझा सर्व्हे कोण करणार, एक दिवस बुडला तर कामाचे पैसे कापतील ना. एक पावरी बोलणारी कोवळी आशा गप्प होती, शेवटी हळूच म्हणाली बाळ अंगावर पितंय. तेव्हाच्या नियमात गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नव्हती (पाजणाऱ्यांना परवानगी मे महिन्यात आली), आणि तिला तर फोन करून बोलावलेलं, वर ये नाहीतर नाव कळवू असा दम भरलेला. तिला मी परत पाठवलं. ते बघून बाकीच्यांचे चेहरे बदलले, म्हणजे इथे नाही म्हणता येतं, ऐकून घेतात, हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं असावं.

आपण प्रत्येक आईला चार गोष्टी सांगतो, कोणती लस आणि कशासाठी, त्रास काय होईल आणि झाला तर काय करायचं, पुढची कधी, कार्ड जपून ठेवा. नव्या नर्सताईलाही हे पाठ असतं. यांच्या वाट्याला मात्र फक्त तारीख-वेळ आली, आणि नाही आल्या की वरून टक्केवारी विचारणारे फोन. चार पैशांच्या मानधनावर वर्षभर पॉझिटिव्ह पेशंटच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका या, त्यांच्याशी तासभर बसून बोलायला कुणाला वेळ नसावा हे मला आजही पटत नाही.

चार जणींनी घेतली. आधी चहा-बिस्किट खायला लावलं, मग आडवं झोपवूनच टोचलं. उरलेले दोन डोस वेळ संपल्यावर टाकून द्यावे लागले, वेस्टेजच्या कॉलममध्ये लिहिताना जीव तुटला. मोठ्या सरांनी पुढे फेब्रुवारीच्या शेवटी घेतली, केबिनमध्ये, दार लावून. तीच त्यांनी पहिल्या दिवशी हॉलमधल्या खुर्चीत घेतली असती तर आमचे निम्मे फोन वाचले असते.

आणि एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका वयस्क आशाने विचारलं, कोरोनाने मेलो तर घरच्यांना 50 लाखांचा विमा आहे म्हणतात, लसीने काही झालं तर? मी तो प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून संध्याकाळच्या रिपोर्टसोबत वर पाठवला. उत्तर आलं नाही. पुढच्या सेशनला ती परत आली, तोच प्रश्न पुन्हा विचारला, मी खरं ते सांगितलं, आणि तिने बाही वर केली.