दुसऱ्यांच्या युनिटबरोबर काँगोत

साल २०१०. मी भारतीय हवाई दलाचा हेलिकॉप्टर को-पायलट, पूर्व काँगोतल्या गोमा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेवर दुसऱ्या युनिटबरोबर आलो आहे. इथे हेलिकॉप्टरमध्ये चढणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव आधी कागदावर यावं लागतं. नाव, कोणत्या तुकडीचा, कुठून कुठे, सोबत किती किलो सामान. मूव्हकॉनच्या, म्हणजे माणसं-सामानाची ने-आण ठरवणाऱ्या विभागाच्या, यादीत जो नाही तो आमच्या एमआय-१७च्या पायरीवर पाय ठेवत नाही. मग तो आमच्याच बटालियनचा जवान का असेना. संयुक्त राष्ट्रांचा नोकर नसलेल्या माणसाला न्यायचं असेल तर वेगळी परवानगी, वेगळी सही आणि अपघात झाला तर दावा लावणार नाही असा वेगळा कागद. गेल्या आठवड्यात या नियमाने माझं डोकं फिरवलं, म्हणून आज लिहितो आहे.

गोमाजवळच्या मासिसीच्या डोंगरात आपल्या सैन्याची एक चौकी आहे. तिथे रसद उतरवून, परतीची माणसं घेऊन निघायचं होतं. रोटर फिरतच होते. तेवढ्यात कंपनी कमांडर मेजरसाहेब वाकून धावत आले आणि त्यांच्या मागून चार माणसं एक झोळी घेऊन आली. बांबूला चादर बांधलेली, आपल्याकडे डोंगरातल्या पाड्यांवरून आणतात अगदी तशी. आत अडलेली बाळंतीण होती. रात्रभर चालत आणलं होतं तिला. रोटरच्या वाऱ्याने चादर फडफडत होती आणि तिची सासू दोन्ही हातांनी ती दाबून धरत होती.

माझ्या युनिटमध्ये असतो तर कॅप्टनने मान हलवली असती, गनरने दार मोकळं केलं असतं आणि दोन मिनिटांत आम्ही हवेत असतो. हे मी अभिमानाने लिहितो. २००८च्या ऑगस्टमध्ये कोसी फुटली तेव्हा बिहारमध्ये मी नवा को-पायलट होतो. बांधांवरून, छपरांवरून माणसं उचलली. कुणाचं नाव विचारलं नाही, शेळी घेऊन आला तर शेळीसकट आत घेतलं. ते माझं शिक्षण.

इथल्या कॅप्टनने हात वर केला आणि थांबवलं. रेडिओवर गोमाला कळवलं: एक रुग्ण, एक नातेवाईक, दोघी स्थानिक, यादीत नाहीत, परवानगी हवी. मग इंधन वाचवायला चक्क इंजिनं बंद केली. दोन हजार मीटरच्या आसपासच्या टेकडीवर, किवू सरोवराकडून ढग चढत असताना! मी डाव्या सीटकडे बघत राहिलो. (एमआय-१७ मध्ये कॅप्टन डावीकडे बसतो, को-पायलट उजवीकडे.) ते शांतपणे म्हणाले, "परवानगी येईपर्यंत वजन नव्याने काढ. दोघी धरून. कुणाचं सामान उतरवावं लागेल ते मला सांग."

ते काम मी केलं, पण रागाने केलं. परवानगी यायला इतका वेळ लागला की चौकीवरचे जवान झोळीवर ताडपत्री धरून उभे राहिले. ज्या टेबलावर तो कागद अडला होता त्या टेबलाला काय घाई? तिथे कुणी ओरडत नव्हतं. हे मला आजही पटलेलं नाही आणि पटणारही नाही. शेवटी होकार आला, तीन बॅगा चौकीवर ठेवल्या आणि ढगांच्या खालून दरीदरीने उतरत गोमाला आलो. बाई थेट आपल्या सैन्याच्या रुग्णालयात. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला, मुलगा झाला, दोघं ठीक आहेत.

रात्री कॅप्टनशी वाद घातला. ज्युनिअरने घालायला नको इतका घातला, पण त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं. इथे डोंगर एकाचा, दरी दुसऱ्याची, रस्ता तिसऱ्याचा. सरकारी फौज, बंडखोर, हुतू टोळ्या, माई-माई म्हणवणारे स्थानिक सशस्त्र गट. पांढऱ्या हेलिकॉप्टरवर यूएन लिहिलंय म्हणून खालून सहसा गोळी येत नाही, कारण आत कोण बसलंय याचा हिशेब कुणीही मागू शकतं. आज बाळंतीण, उद्या तिचा म्हणून एखादा दीर, परवा तो दीर कोण निघतो? एका बाजूचा माणूस आम्ही गुपचूप उचलला अशी नुसती बातमी पसरली तरी पुढच्या हेलिपॅडवर आपल्याच जवानांना रसद मिळणार नाही. यादी म्हणजे आमचं चिलखत, असं ते म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. कोसीत छपरावरची सगळी माणसं एकाच बाजूची होती, पुराच्या विरुद्ध बाजूची. इथे तसं नाही. तरी टेबलावरच्या त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.

आता घरचा प्रश्न. आईने प्रत्येक फोनवर विचारलं आहे, "तुझ्या युनिटमध्ये काय कमी होतं, की लोकांच्यात गेलास?" काका स्पष्ट बोलतात: डॉलर. तर काका, सध्या, २०१० मध्ये, संयुक्त राष्ट्रांकडून शांतिसैनिकाच्या हातात पडणारा रोजचा भत्ता १ डॉलर २८ सेंट आहे. आपलं सरकार परदेश भत्ता देतं, तो चांगला आहे, लपवत नाही. पण वर्षभर घर सोडायला, स्वतःच्या क्रूपासून तुटायला आणि कॅटेगरी, म्हणजे पायलटची श्रेणी, वाढवायची परीक्षा लांबवायला तेवढं कारण पुरत नाही.

झालं असं की इथल्या तुकडीचा कणा दुसऱ्या युनिटचा होता आणि उरलेल्या जागा भरायला बाकीच्या युनिटांकडून नावं मागवली. आमच्या क्रू रूममध्ये तो कागद फलकावर लागला. सीनिअर मंडळींच्या परीक्षा होत्या, लग्नं होती. मी सीओंसमोर, म्हणजे युनिटच्या प्रमुखांसमोर, जाऊन उभा राहिलो. ते एवढंच म्हणाले, "आपल्या लोकांबरोबर उडणं सोपं असतं, हे तिथे कळेल." परवानगी दिली, तीही मनापासून. काही कोर्समेट मात्र आजही पळपुटा म्हणतात. युनिट सोडलं, म्हणतात. सोडलेलं नाही. माझ्या उड्डाणाच्या पोशाखाच्या बाहीवरची पट्टी अजून त्याच युनिटची आहे. इथे ती घालणारा मी एकटा आहे, त्यामुळे ती स्वच्छ ठेवतो.

सीओंचं बोलणं पहिल्याच उड्डाणात कळलं. यंत्र तेच, चेकलिस्ट तीच, पण माझ्या युनिटमध्ये को-पायलट गप्प असेल तर सगळं ठीक आहे असं समजतात. वर्षानुवर्षं एकत्र उडालेली माणसं, कॅप्टनने नुसतं बोट हलवलं तरी फ्लाइट इंजिनिअरला कळतं. या युनिटमध्ये गप्प राहणं म्हणजे गडबड. उतरताना मी उंची बोलायची, वेग बोलायचा, रोटर ९५ टक्क्यांवर आहे हे बोलायचं. बोललो नाही की कॅप्टन गो-अराऊंड करायचे, म्हणजे न उतरता वर जाऊन पुन्हा फेरी. सुरुवातीला अपमान वाटला. वाटलं, माझ्यावर भरवसा नाही. मधल्या सीटवरचे फ्लाइट इंजिनिअर वॉरंट ऑफिसर साहेब एकदा चहा घेताना म्हणाले, "सर, हम आपको जानते नहीं, इसलिए आपकी आवाज़ सुननी पड़ती है।" त्यात अपमान नव्हता, साधी व्यवहाराची गोष्ट होती. त्यांच्या युनिटमध्येही दर वर्षी माझ्यासारखी परकी माणसं येत राहिली असणार, म्हणून त्यांनी सगळं बोलून करायची सवय लावून घेतली.

आणि इथे त्या सवयीचा उपयोग आहे. गोमाच समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर आहे, चौक्या त्याहून वर. विरळ हवा, दुपारी वीज-वादळ, आणि काही हेलिपॅड असे की शेपटीच्या मागे केळीची झाडं आणि पुढे कडा. उड्डाणाआधी जमिनीपासून थोडं वर हॉव्हर धरून, म्हणजे हवेत जागच्या जागी थांबून, इंजिनाची ताकद किती शिल्लक आहे ते बघायचं, मगच पुढे. वजनाचा कागद बराच खोटा असेल तर तो इथेच पकडला जातो. पूर्वी मला वजनकाटा हा कारकुनी प्रकार वाटायचा. आता मूव्हकॉनची पोरं बॅग उचलून काट्यावर टाकतात तेव्हा मी स्वतः आकडा वाचायला जातो.

शहराबद्दल थोडं. २००२च्या जानेवारीत न्यीरागोंगो फुटला आणि लाव्हा शहरातून वाहत सरोवरात गेला. विमानतळाच्या धावपट्टीचं उत्तरेचं टोक त्याखाली गाडलं गेलं. त्यानंतर मोठी विमानं उरलेल्या धावपट्टीवर उतरू लागली. त्याच काळ्या दगडाच्या भिंती बांधून लोक पुन्हा राहायला आले. रस्त्यावर चुकुडू दिसतात, अख्ख्या लाकडाची दुचाकी, पेडल नाही, त्यावर कोळशाची पोती लादून माणसं उतारावरून सुसाट येतात. रात्री ज्वालामुखीच्या तोंडावर ढग लाल दिसतात. पर्यटक त्यासाठी पैसे मोजून चढतात, आम्हाला पलंगावरून दिसतं.

या वर्षी, २०१० मध्ये, ३० जूनला काँगोच्या स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून आमच्या मिशनचं नाव मोनुकचं मोनुस्को झालं. तेव्हा मेसमध्ये जुना विषय निघाला. आपलं हवाई दल या देशात २००३ पासून आहे असं सगळे सांगतात, पण पहिल्यांदा आलं ते १९६१ मध्ये, पाच नंबर स्क्वाड्रनची कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं घेऊन. त्याच वर्षी ५ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलला, म्हणजे आजच्या लुबुम्बाशीला, कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी गुरख्यांना घेऊन नाकेबंदीवर हल्ला केला आणि तिथेच पडले. परमवीरचक्र मिळालं. "दुसऱ्यांच्या देशात तुमचं काय काम" असं विचारणाऱ्या काकांच्या मित्रांनी हे एकदा वाचावं.

तुकडी बदलायची वेळ जवळ येते आहे आणि माझ्या युनिटच्या फलकावर पुन्हा तो कागद लागेल. ज्युनिअर पोरं मला मेल करून विचारतात. द्या नाव. आधी सीओंना स्वतः भेटून सांगा, कागदावरून कळू देऊ नका. इथे आल्यावर पहिले काही आठवडे लागले तरी चालतील, पण कॅप्टनला ऐकू येईल असं बोला. आणि युनिटमधल्या सीनिअर सरांना एक विनंती आहे. वर्षभर बाहेर राहिल्याने या पोरांची परीक्षा मागे पडते, परतल्यावर ती रांगेच्या शेवटी उभी राहतात. पहिल्या महिन्यात त्यांचा नंबर लावा. माझाही लावलात तर मी नाही म्हणणार नाही.