एक्स्टेन्शन वायरला नवी पिन : काळ्या फोनच्या कामाची पुढची नोंद

काळा डायलवाला फोन आतल्या खोलीत न्यायचं काम एवढ्याशा पिनेपाशी अडलं होतं. ते आता सुटलं.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : फायबर आल्यापासून आमच्याकडची तांब्याच्या तारांची जुनी जोडी नुसतीच भिंतीवर आहे. लँडलाइन येते ती हॉलमधल्या ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे येऊन जोडली जाते त्या खोक्याच्या, फोन पोर्टातून. तिथून आईच्या पलंगापर्यंत जुनी चपटी एक्स्टेन्शन वायर. तिच्या एका टोकाला आरजे 11 पिन, म्हणजे टेलिफोनची नेहमीची क्लिपवाली प्लॅस्टिकची पिन, दुसऱ्या टोकाला भिंतीवर चिकटवायची सॉकेटची डबी. तक्रार अशी, की रिंग खणखणीत वाजायची, पण रिसीव्हर उचलला की खरखर, आणि वायरीला कुणाचा पाय लागला की बोलणंच बंद. पिनेची क्लिप मोडलेली होती, त्यामुळे ती पोर्टात नुसती टेकून राहायची.

असं झालं की सगळे म्हणतात, वायर गेली, नवीन आण. नवीन आणणं स्वस्तच पडतं, नाही असं नाही. पण आधी बिघाड कुठे आहे ते मोजून पाहायला काय जातं? सगळ्यात आधी ओएनटीतली पिन काढून घेतली. फोन खाली ठेवलेला असताना जोडीवर साधारण 48 व्होल्ट डीसी असतो, कोरड्या हाताला तो फारसा कळत नाही. पण तारा उघड्या असताना कुणाचा फोन आला, तर रिंगचा 75 व्होल्टच्या आसपासचा एसी येतो आणि तो सणसणीत झटका देतो. ज्यांच्याकडे अजून खांबावरून तांब्याची लाइन येते त्यांनी पावसात, विजा चमकत असताना हे काम काढूच नये.

डबी उघडून लाल आणि हिरवी तार तिथेच एकमेकींना जोडली, आणि अलीकडच्या टोकाला पिनेच्या मधल्या दोन पात्यांवर मल्टिमीटरच्या सुया धरल्या. काही ओहमचा आकडा आला, म्हणजे तार आरपार सलग. मग वायर हातात घेत घेत पुढे गेलो. दारामागे, कपाटाखाली, सगळीकडे वाकवून पाहिली. आकडा ढिम्म. पिनेच्या मानेपाशी आलो आणि जरा वाकवताच आकडा थेट शेकड्यांत, मग ओपन (म्हणजे जोड तुटलेला), मग परत जागेवर. झालं, चोर सापडला.

रिंग वाजते आणि बोलताना मात्र त्रास, हे कोडं नव्या लोकांना हमखास पडतं. रिंगचं काम नुसतं घंटेचं कॉइल हलवण्याचं. त्यात मध्ये थोडे ओहम वाढले काय आणि घटले काय, घंटा वाजतेच. बोलण्याचं तसं नाही. रिसीव्हर उचलला की वायरीतून साधारण 20 ते 40 मिलिअँपिअर करंट वाहू लागतो, आणि आपला आवाज म्हणजे त्या करंटमधली चढउतार. जुन्या फोनच्या माउथपीसमध्ये कार्बनचे दाणे असतात. आवाजाने ते दाबले जातात, सुटतात, त्यांचा रोध बदलतो, करंट बदलतो. आता सैल पिनेतही नेमकं हेच होतं : रोध बदलतो, करंट बदलतो. लाइनच्या दृष्टीने सैल पिन हा दुसरा माउथपीसच, फक्त त्यात कुणी बोलत नसतं. वायरीची लांबी दुप्पट केली असती तरी कानाला फरक कळला नसता. खरखर येते ती सांध्यातून.

आता पिन. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत 'टेलिफोनची पिन द्या' एवढंच म्हटलं तर कधीकधी रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरीची अरुंद पिन हातात पडते. तिला चारच खाचा असतात. लाइनच्या पिनेला सहा खाचा असतात आणि काम फक्त मधल्या दोघींचं असतं. बाकीच्या रिकाम्या राहिल्या तरी हरकत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वायर आतून कशी आहे ते पाहणं. माझ्या एक्स्टेन्शनमध्ये बारीक तारांचा पीळ निघाला. नेहमीची पिन याच्यासाठीच असते : तिचं टोकदार पातं इन्सुलेशन फोडून तारांच्या मधोमध घुसतं. भिंतीतल्या वायरिंगची जाड एकेरी तार याच पिनेत घातली, तर पातं तिच्यावरून घसरतं किंवा तिला अर्धवट कापतं. आज चालतं, चार महिन्यांनी खरखरतं. एकेरी तारेसाठी दोन्ही बाजूंनी कवटाळणाऱ्या पात्याची पिन वेगळी मिळते. नाहीतर सरळ रोझेट बॉक्सच्या (भिंतीवरच्या टेलिफोन जोडणीच्या डबीच्या) स्क्रूखाली घ्यावी. काळ्या फोनची स्वतःची कापडी वायर तिसऱ्याच जातीची आहे. तिच्यात दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची पट्टी असते, केसासारखी. सोल्डर लावायला गेलं की दोरा जळतो, स्क्रूखाली नुसती दाबली की तुटते. तिच्या टोकांना मूळचे यू आकाराचे लग (स्क्रूखाली धरायची धातूची टोकं) आहेत, ते शाबूत आहेत, म्हणून तिला हातही लावला नाही.

मानेपासून बोटभर वायर कापून टाकली. वरचं चपटं आवरण अंदाजे 6 मिलिमीटर सोललं. आतल्या तारांचं इन्सुलेशन सोलायचं नाही, ते पातंच फोडतं. तारा एका रेषेत कापून पिनेत सरकवल्या. पारदर्शक प्लॅस्टिकमधून पाहिलं, तर दोन्ही टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं आवरण मागच्या आडव्या पट्टीच्या आत गेलेलं असलं पाहिजे. ही पट्टी क्रिंपरने (पिन दाबून बसवायच्या पकडीने) खाली दाबली जाते आणि वायरीची ओढ स्वतःवर घेते. जुन्या पिनेत आवरण पट्टीच्या बाहेरच राहिलेलं होतं, सगळा ताण दोन बारक्या तारांवर. कुणाच्यातरी घाईचं काम. क्रिंपरच्या 6 खाचांच्या घरात पिन ठेवली, कट्ट आवाज येईपर्यंत दाबली. पाती प्लॅस्टिकच्या काठाखाली गेली की समजायचं बसली.

क्लिप वर की खाली, हा प्रश्न दोन्हीकडे पिना असल्या तरच येतो. चपट्या वायरीच्या एकाच अंगाला दोन्ही क्लिप ठेवल्या तर जोडी उलटते, म्हणजे दोन तारांची अदलाबदल होते, विरुद्ध अंगांना ठेवल्या तर सरळ जाते. डायलच्या फोनला आणि हल्लीच्या बहुतेक फोनना दोन्ही चालतं. काही जुन्या बटणवाल्यांत आत डायोड ब्रिज (जोडी कशीही आली तरी सरळ करून घेणारा भाग) नसतो, ते उलट्या जोडीवर बटण दाबलं तरी टोन देत नाहीत.

डबीकडच्या तारांना पीळ देऊन स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने गुंडाळल्या, म्हणजे आवळताना त्या आत ओढल्या जातात. परत मीटर लावला, मानेपाशी हवी तेवढी वाकवली, आकडा हलला नाही. डायल टोन स्वच्छ. आईने मावशीला फोन करायला लावला आणि तासभर बोलली, एकदाही 'हॅलो, हॅलो' न करता.

उरलं ते डायलचं. 9 फिरवला की टोन तुटतो, आत टकटक ऐकू येते, पण ओएनटीला त्या पल्स, म्हणजे डायल परतताना लाइन तुटून-जुळून पडणारे ठोके, कळत नाहीत, नंबर लागत नाही. त्यामुळे सध्या हा फोन फक्त येणाऱ्या कॉलसाठी. ओएनटीच्या सेटिंगमध्ये पल्सचा पर्याय दिसला नाही. पल्सचं बटणवाल्या फोनसारखं टोन करणारा छोटा कन्व्हर्टर डबीतच बसवायचा विचार आहे, पण त्याआधी डायल उघडून तिचा वेग तपासतो. सेकंदाला 10 पल्स हव्यात, आणि कानाला ती जराशी सुस्त वाटते आहे.