तुम्ही विचारलंत म्हणून: सहाच सिनेमे?

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण एकत्र बसून सिनेमा बघतो. कोरियाचा विषय निघाला की मी दिग्दर्शक ली चांग-डोंगचं नाव घेतो आणि कुणीतरी लगेच मोबाईलवर शोधतं. मग प्रश्न ठरलेला. "अहो सर, याचे तर सहाच सिनेमे दिसतायत. एवढं काय त्याचं?"

हिशेब बरोबर आहे. पहिला 'ग्रीन फिश' 1997 सालचा, सहावा 'बर्निंग' 2018 चा. एकवीस वर्षांत पूर्ण लांबीचे सहा. आपल्याकडे एखादा हिरो दोन वर्षांत एवढे उरकतो. इतक्या वेळा हा प्रश्न आला की आता एकदा बैजवार लिहूनच टाकतो.

मुळात हा गृहस्थ सिनेमावाला नव्हेच. जन्म 1954 चा, दैगू शहरातला. शिकला कोरियन भाषा आणि साहित्य, आणि शाळेत पोरांना तीच भाषा शिकवायचा. (मी स्वतः सत्तावीस वर्षं मराठी शिकवली, त्यामुळे माझा कल कुठे झुकणार हे उघड आहे.) 1983 मध्ये एका मोठ्या दैनिकाच्या कथास्पर्धेत त्याची कथा निवडली गेली आणि पुढची दहा वर्षं तो कथा-कादंबऱ्या लिहीत राहिला. चाळिशीच्या उंबरठ्यावर पार्क क्वांग-सू या दिग्दर्शकासाठी पटकथा लिहिली, त्याच सिनेमाच्या सेटवर सहायक म्हणून राबला. स्वतःचा पहिला सिनेमा केला तेव्हा वय बेचाळीस. ज्या वयात आपल्याकडे लोक 'आता काय राहिलंय' म्हणायला लागतात, त्या वयात.

आणि मधेच मंत्री. 2003 मध्ये रोह मू-ह्यून राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी याला संस्कृती खातं दिलं. सव्वा वर्षाहून थोडा जास्त काळ तिथे काढून स्वारी परत लिहायला बसली. 'ओएसिस' 2002 चा आणि त्यानंतरचा 'सीक्रेट सनशाइन' थेट 2007 चा, या खड्ड्याचं एक कारण हे. पण एकच. 'पोएट्री' आणि 'बर्निंग' यांच्यामध्ये आठ वर्षं गेली, तेव्हा काही तो मंत्री नव्हता.

माझं मत विचाराल तर, तो लेखकासारखा सिनेमा करतो, म्हणून वेळ लागतो. गोष्ट सुचली की ती सांगायलाच हवी का, असं तो आधी स्वतःला विचारत असणार. सिनेमे बघताना ते जाणवतं. 'पेपरमिंट कँडी'ची सुरुवात एका माणसाच्या शेवटाने होते. 1999 साल, रेल्वेचा पूल, समोरून येणारी गाडी आणि 'मला परत जायचंय' असा त्याचा आक्रोश. मग सिनेमा खरोखरच मागे मागे जातो, वीस वर्षं. प्रत्येक प्रकरणाआधी धावत्या गाडीतून दिसणारे रूळ. बघताना वाटतं, गाडी पुढे चाललीय. थोड्या वेळाने बाजूच्या रस्त्यावरच्या मोटारी उलट्या जाताना दिसतात आणि कळतं, चित्रफीतच उलटी फिरतेय. हा माणूस असा निर्दय कसा झाला, याचं उत्तर 1980 च्या मे महिन्यात, ग्वांगजूमध्ये लष्कराने उठाव चिरडला त्या रात्रीत सापडतं. पोरगा नुकता सैन्यात भरती झालेला. उत्तर मिळतं तेव्हा आपण त्याचा तिरस्कार करून बसलेलो असतो. ही पटकथेची करामत आहे, कॅमेऱ्याची नंतर.

'सीक्रेट सनशाइन'बद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर लिहीतच बसेन. मुलगा गमावलेली आई धर्माकडे वळते आणि खुन्याला क्षमा करायला तुरुंगात जाते. तो शांतपणे सांगतो, देवाने मला आधीच क्षमा केलीय. तिच्या हातात तेवढंच उरलं होतं, तेही गेलं. या भूमिकेसाठी जॉन दो-यॉनला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान मिळाला.

आता 'पोएट्री', 2010. याची पटकथा अर्थसाहाय्यासाठी सरकारी चित्रपट परिषदेकडे गेली, तेव्हा एका परीक्षकाने तिला शून्य गुण दिले होते. ही पटकथेच्या साच्यात बसत नाही म्हणून! पुढे कानमध्ये त्याच पटकथेला पुरस्कार मिळाला. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी हा किस्सा कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावा.

गोष्ट मिजाची, वय सहासष्ट. एका आजारी म्हाताऱ्याची देखभाल करून पोट भरते, नातवाला सांभाळते, आणि हौस म्हणून कवितेच्या वर्गाला जाते. गुरुजी सफरचंद हातात धरून सांगतात, हे तुम्ही आजवर नीट पाहिलेलंच नाही. (गुरुजींचं काम केलंय किम योंग-थेक या खऱ्याखुऱ्या कवीने.) इकडे डॉक्टर सांगतात, विस्मरणाचा आजार आहे, आधी नामं जातील. आणि तिकडे कळतं की शाळेतल्या एका मुलीने नदीत जीव दिला, त्याला कारणीभूत असलेल्या सहा मुलांत आपला नातू आहे. बाकी मुलांचे बाप जेवणाच्या टेबलावर, प्रकरण मिटवायला मुलीच्या आईला द्यायच्या पैशांची वाटणी करतात. ही बाई उठून बाहेर जाते आणि फुलं बघत बसते.

मिजा झालेल्या युन जोंग-ही सोळा वर्षांनी पडद्यावर आल्या होत्या. त्यांचं मूळ नावही मिजाच. पुढे त्यांनाही तोच आजार झाला, 2023 मध्ये त्या गेल्या.

हा सिनेमा मी आईसोबत पाहिला. सबटायटल तिला झेपत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. शेवटाकडे मिजा नातवाला पिझ्झा खाऊ घालते, स्वच्छ आंघोळ करायला लावते आणि खाली बसून त्याच्या पायाची नखं कापते. आई एकदम म्हणाली, "अगं बाई, रात्रीची नखं कापू नयेत!" मी हसलो. मग आजी-नातू घराबाहेर रस्त्यावर बॅडमिंटन खेळायला लागले. एक मोटार येऊन थांबली, दोघे उतरले, नातवाला बाजूला घेतलं आणि त्यातल्या एकाने त्याची रॅकेट उचलून आजीबरोबर खेळ पुढे चालू ठेवला. आरडाओरडा नाही, संगीत नाही.

मी सांगायला तोंड उघडलं, "आई, ते पोलीस आहेत."

"कळलं मला," आई म्हणाली. "नखं कापली तेव्हाच कळलं."