गाळ्यातलं घड्याळ साडेपाच तास मागे

एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, भाजी मार्केटमधे शेतकऱ्याला जी पट्टी मिळते ना, तो नुसता कागद नसतो. किती डाग म्हणजे नग आले, वजन किती, भाव काय लागला, हमाली तोलाई गाडीभाडं कापून हातात किती, सगळं त्यावर असतं आणि सगळ्यात वर तारीख. गावाकडे गेल्यावर दोन शेतकरी पट्ट्या शेजारी ठेवून बघतात, एकाच तारखेला तुला अमुक भाव आणि मला तमुक कसा. म्हणून ती तारीख चुकली की आडत्याने कितीही इमानदारीत धंदा केला असला तरी शेतकऱ्याच्या मनात शंका येते, आणि ती यायलाच पाहिजे, त्याच्या पिकाचे पैसे आहेत ते.

मी नवी मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि मेंटेनन्सचं काम करतो, मार्केटमधल्या बऱ्याच गाळ्यांची मशीनं माझ्याकडे आहेत. गेल्या हिवाळ्यात एक गाळा माझ्याकडे नवीनच आला होता, त्याच्या दिवाणजींचा पहाटे साडेचारच्या आधी फोन. "भाऊ, मशीन परत मागं गेलं, आजच्या पट्टीवर कालची तारीख छापतंय, नारायणगावचा टोमॅटोवाला समोर उभाय, तो म्हणतो काल माझ्या भावकीतल्याला जास्त भाव दिला आणि मला कालच्याच तारखेत कमी कसा." मी कोपरखैरण्याला राहतो, त्या वेळेला रस्ता मोकळा, लगेच पोचलो. आत गाड्या लागलेल्या, माथाडी कामगारांची धावपळ, क्रेटचे ढीग, आणि गाळ्यात प्रिंटरशेजारी तो शेतकरी हातात पट्टी धरून गप्प उभा. तो ओरडत नव्हता हे मला जास्त लागलं.

आता असं मशीन समोर आलं की बहुतेक लोक काय करतात, घड्याळावर राइट क्लिक, टाइम बरोबर करायचा आणि मोकळं व्हायचं. या गाळ्यात तेच चाललं होतं, दिवाणजी स्वतःच करायचे. मी आधी हात लावला नाही, मोबाइल स्क्रीनशेजारी धरला. मोबाइलवर ४:३८, मशीनवर आदल्या रात्रीचे ११:०८. बरोबर साडेपाच तास, एका मिनिटाचाही फरक नाही. घड्याळ किती चुकलंय हा आकडा मी नेहमी आधी बघतो, कारण बिघाड कुठल्या जातीचा आहे हे तो आकडाच सांगतो.

मदरबोर्डवर बटणासारखा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा, मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, बोर्ड बनला त्या काळातली येते, चालू करताना बरेचदा एफ१ दाबा असा मेसेज पण येतो. इथे सेल आधीच कोणीतरी बदलून गेलेलं, दिवाणजींनी जुना सेल ड्रॉवरमधे जपून ठेवला होता तो दाखवला. पण सेलमुळे बरोबर साडेपाच तासच जातात असं होत नाही. साडेपाच हा आपला आकडा आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. कोणीतरी किंवा काहीतरी या मशीनमधून भारत वजा करत होतं.

सेटिंग्जमधे टाइम अँड लँग्वेज उघडलं. टाइम आपोआप सेट करण्याचं बटण ऑफ. ते पण समजण्यासारखं आहे, विंडोजमधे हाताने वेळ बदलायची तर आधी ते ऑफ करावं लागतं, दिवाणजींनी केलं आणि परत ऑन करायचं असतं हे त्यांना सांगणार कोण. त्याच्याखाली टाइम झोन बघितला तर सॉलोमन आयलंड्स, न्यू कॅलेडोनिया. पॅसिफिक महासागरातली बेटं, ग्रीनिचच्या ११ तास पुढे. आपण साडेपाच पुढे, ते अकरा, मधे बरोबर साडेपाचाचं अंतर, म्हणजे आधीच्या कोणीतरी हिशोब करून घड्याळ मागे पडतं तेवढं झोनने पुढे ढकललं होतं. स्क्रीनवर त्या दिवसापुरती वेळ बरोबर दिसली असणार आणि तो माणूस निघून गेला असणार. मला अशा कामाचा खरंच राग येतो, कारण त्यात समोरचं दुखणं झाकलं जातं आणि खाली दुसरं तयार होतं. मी आपोआपचं बटण ऑन करून सिंक केलं तर घड्याळ सकाळचे दहा वाजून गेले असं दाखवायला लागलं. दिवाणजी म्हणाले, "हेच, हेच सांगत होतो, कधी मागं जातं कधी पुढं, काही मेळच नाही." मेळ होता, दोन चुका एकमेकींवर बसल्या होत्या. झोन बदलून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली वाला केला, घड्याळ मोबाइलबरोबर आलं.

आधी पट्टी. चुकीची रद्द केली, एंट्रीची तारीख दुरुस्त करून नवीन काढली. शेतकऱ्याने ती दोनदा वाचली, मग विचारलं, "म्हणजे माझ्या भावकीवाल्याचा भाव कालचा आणि माझा आजचा?" दिवाणजींनी वहीत दोन्ही दिवसांचे भाव दाखवले. काल आवक कमी होती म्हणून चढा भाव होता, आज गाड्या जास्त आल्या. तो म्हणाला ठीकाय, आणि गाडीकडे गेला.

पण मूळ तसंच होतं ना. झोन बरोबर केला तरी वजाबाकी करणारा कोण ते सापडलं नव्हतं. मार्केट जरा निवेपर्यंत थांबलो, चहा झाला, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे विंडोजची नोंदवही. विंडोज घड्याळ बदललं की त्याची नोंद ठेवतं, आधीची वेळ काय, नंतरची काय, कशामुळे बदलली, कर्नल-जनरल नावाच्या सोर्समधे आयडी १ ची एंट्री असते. सेकंदाचे बारीक फरक सोडून दिले तर मोठ्या उड्या सगळ्या साडेपाच तासांच्या आसपास आणि सगळ्या पहाटेच्या, म्हणजे दिवाणजींनी हाताने केलेल्या. रोज नाही, मधेमधे. मी विचारलं दुपारनंतर मशीन कोण वापरतं. दिवाणजी म्हणाले, "शेठचा पुतण्या बसतो की अभ्यासाला, कॉलेज सुटल्यावर."

मशीन रीस्टार्ट केलं आणि स्क्रीनवरून नजर काढली नाही. काळी पाटी, चारपाच ओळी, सगळ्यात वर उबुंटू, म्हणजे लिनक्स, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, खाली विंडोज बूट मॅनेजर, दोनेक सेकंदात आपोआप विंडोजकडे. दिवाणजींनी ही पाटी रोज बघितलेली, त्यांना वाटायचं मशीन असंच चालू होतं.

तर झालं होतं असं. मदरबोर्डवरच्या घड्याळात नुसते आकडे असतात, तारीख, तास, मिनिटं. ही वेळ कुठली, मुंबईची का ग्रीनिचची, हे तिथे लिहिलेलंच नसतं. विंडोज डॉसच्या, म्हणजे त्याच्या आधीच्या जुन्या सिस्टिमच्या, काळापासून असं धरून चालतं की ही इथली स्थानिक वेळ आहे. लिनक्स धरतं की ही ग्रीनिचची, म्हणजे यूटीसी, आणि स्क्रीनवर दाखवताना साडेपाच मिळवतं. युनिक्सच्या घराण्यात वेळ १ जानेवारी १९७० पासूनचे यूटीसी सेकंद अशी मोजतात, तिथून ते आलंय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पुतण्या संध्याकाळी लिनक्समधे बसला की ते इंटरनेटवरून वेळ घेणार, साडेपाच वजा करून बोर्डवर लिहिणार, आणि पहाटे दिवाणजी मशीन चालू करणार तेव्हा विंडोज तेच आकडे मुंबईची वेळ म्हणून वाचणार. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात नऊ वाजता असं झालं असतं तर साडेतीन दिसले असते, तारीख तीच राहिली असती, कोणाच्या लक्षातही लवकर आलं नसतं. पण इथे बराचसा धंदा मध्यरात्र ते साडेपाचमधे होतो, नेमक्या त्या वेळात साडेपाच तास मागे म्हणजे आदला दिवस.

शेठ आले, त्यांना सांगितलं तर पहिलं वाक्य, "काढून टाका ते, धंद्याच्या मशीनवर पोराचे खेळ नकोत." मी नाही म्हटलं. पोरगा तोपर्यंत आला होता, इंजिनिअरिंगला आहे, घरी लॅपटॉप नाही, काकांना विचारूनच बसवलं होतं, आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगळे भाग, इतकं नीट केलेलं की हिशोबाच्या डेटाला धक्का नाही. घाबरून कोपऱ्यात उभा होता. मी शेठना म्हटलं, शेठ, मुलगा शिकतोय ते शिकू द्या, सेटिंग एका ओळीचं आहे, आणि ते मी त्याच्याच हाताने करून घेतो.

मार्ग दोन होते. एक म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, रिअल टाइम इज युनिव्हर्सल नावाची व्हॅल्यू १ टाकायची, मग विंडोज पण बोर्डवरची वेळ यूटीसी धरतं. दुसरा म्हणजे लिनक्सला सांगायचं की बोर्डवर स्थानिक वेळच ठेव. बरेच जाणकार पहिला सुचवतात आणि त्याला कारण आहे, ज्या देशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे स्थानिक वेळ बोर्डवर ठेवली की दोन्ही सिस्टिम आपापला तास बदलायला जातात आणि घोळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही. मी दुसरा घेतला, कारण गाळ्यातल्या विंडोजला उद्या कोणीही हात लावणार, फॉरमॅट करणार, रजिस्ट्रीतलं ते कोणाच्या ध्यानात राहणार नाही. लिनक्स फक्त हा मुलगा वापरतो आणि त्याला आता कारण माहीत आहे. टर्मिनल उघडून त्यानेच टाइप केलं, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १. मग नुसतं टाइमडेटसीटीएल टाइप करून तपासलं तर वॉर्निंग आली की ही पद्धत पूर्ण सपोर्टेड नाही, त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याला उन्हाळी वेळेचं समजावलं. मग लिनक्समधून विंडोजमधे, परत लिनक्समधे, परत विंडोजमधे असं फिरवून बघितलं, मोबाइल शेजारीच. घड्याळ हललं नाही.

माझं काम तिथे संपलं असतं पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, आधीच्या पट्ट्यांचं काय. ज्या पहाटे दिवाणजींनी घड्याळ दुरुस्त केलं त्या पहाटे दुरुस्तीच्या आधी निघालेल्या पट्ट्या आदल्या तारखेच्याच असणार, आणि काही पहाटे घाईत लक्ष गेलंच नसेल. इव्हेंट व्ह्यूअरची नोंद ठरावीक जागेत मावेल तेवढीच राहते, जुनी पुसली जाते, पण होत्या तेवढ्या सगळ्या उड्यांच्या तारखा मी कागदावर काढून दिल्या. शेठनी ती यादी बघितली, गेटवरच्या आवकेच्या नोंदी काढायला सांगितल्या, आणि दिवाणजी व पुतण्या दोघं बसून एकेक पट्टी आवकेशी लावत गेले. पैसे कुठे चुकले नव्हते, भाव हाताने टाकलेले असल्यामुळे, तारखाच चुकल्या होत्या. तरी शेठनी प्रत्येकाला फोन करायला लावला. दुरुस्त पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर गेले, आणि ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांच्या पट्ट्या परतीच्या गाडीवाल्यांच्या हातून.