तुम्ही विचारलंत म्हणून : सांगोल्याची जागा खरंच सोपी होती का?

मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे गणपतराव देशमुखांचा तालुका! अकरा वेळा आमदार. तिथं निवडणूक नावालाच होत असेल ना?"

नाही. हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण या प्रश्नात आबासाहेबांचे, म्हणजे गणपतरावांचे, कष्ट कुणी धरतच नाही.

ते मूळचे सांगोल्याचेही नव्हते. गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, इकडे आले वकिलीच्या निमित्तानं. 1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1974 ची पोटनिवडणूक जिंकून परतले. मग 1995 ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, तेही अगदी थोड्या मतांनी. इतकी जुनी आमदारकी एका गावाचं मतदान फिरलं तरी जाते, हे तालुक्यानं तेव्हा पाहिलं. 1999 ला पुन्हा आबासाहेब आले आणि 2014 पर्यंत सलग चार वेळा जिंकले.

दरम्यान त्यांचा पक्ष राज्यात आटत चालला होता. 1978 आणि 1999 ची मंत्रिपदं सोडली, तर त्यांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर गेली. विरोधातल्या आमदाराला निधी भांडूनच आणावा लागतो, आणि आमच्याकडं भांडण पाण्याचं. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला सांगोला. वर पाणी उपसलं की खाली कोरडं पात्र. म्हणून टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी धडपड. आटपाडीच्या पाणी परिषदांत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर ते उभे राहिले, आणि कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न एका तालुक्याचा राहिला नाही. मला विचाराल तर त्यांच्या अकरा विजयांपेक्षा हे काम मोठं. पराभवाची टांगती तलवार नसती, तर या कामाला इतकी धार राहिली असती असं मला वाटत नाही. मतदार उद्या पाडू शकतो, हे माहीत असलेला आमदार वाडीवस्तीवरच्या माणसाला दारातून परत पाठवत नाही.

"मग जात, गट, पाव्हणेरावळे यांचं काय?" असंही विचारतात. ते सगळं आहेच, कुठं नसतं? पण निव्वळ त्यावर भागलं असतं, तर 1972 आणि 1995 चे निकाल लागलेच नसते.

2019 ला वयामुळे आबासाहेब थांबले. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. जवळपास दोन लाख मतं दोघांत वाटली गेलेली, आणि फरक एवढाच. 2021 ला आबासाहेब गेले. 2024 ला तिरंगी लढतीत दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच निवडून आले. आजोबांचं नाव पाठीशी असूनही 2019 ला काय झालं, हे त्यांना कुणी सांगायला नको.